फुगे फुगवून 'क' येत नाही

"जिभेला व्यायाम नाही, म्हणून बोलत नाही." बीड जिल्ह्यात कुठल्याही अंगणवाडीच्या ओट्यावर बसा, बोलण्यात अडखळणाऱ्या पोराच्या आईला कुणी ना कुणी हे ऐकवतंच. मग घरी सुरू होतं: फुगे फुगव, मेणबत्ती विझव, पिपाणी वाजव, ओठाला मध लावून चाट. सहा महिन्यांनी पोरगं पिपाणी झकास वाजवतं आणि 'काका'ला 'ताता'च म्हणतं.

म्हणणारच! बोलणं ही हालचाल आहे, हे खरं. पण जी हालचाल शिकवाल तीच येते. काठावर हात मारून पोहणं येत नाही. बोलायला जिभेची ताकद थोडीच लागते, आणि भाकरी चावून गिळणाऱ्या पोराकडे ती असतेच. चुकतो तो नेम. 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू उचलून टाळूला टेकावी लागते. मध चाटताना राबतं ते टोक. 2015 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा बिनबोलक्या व्यायामांवरचे अभ्यास तपासले गेले. निकषात बसणारे तीनच निघाले, आणि फायद्याचा भक्कम पुरावा त्यांतून मिळाला नाही. तरी फुगे विकले जातातच.

वाचा-उपचारतज्ज्ञ काय करतात? पोराला आरशासमोर बसवून 'का' काढून घेतात, मग दोन चित्रं ठेवतात: एकात काकडी कापणारी बाई, दुसऱ्यात ताप आलेलं बाळ. पोर 'काप' म्हणायला जातं, तोंडातून 'ताप' निघतं, तज्ज्ञ बाळाचं चित्र उचलतात. आपण चुकीचं बोललो हे पोराला तिथेच कळतं. (गिळायला त्रास असेल किंवा सेरेब्रल पाल्सी असेल, तर प्रश्न वेगळा.)

"बोलत नाही त्याला उड्या कशाला शिकवता?" हेही चूकच. भाषेची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांना चेंडू झेलणं, बटण लावणं, एका पायावर उभं राहणंही जड जातं. संशोधक एलिझाबेथ हिल यांनी 2001 मध्ये घेतलेल्या आढाव्यात हे स्पष्ट दिसतं. म्हणून लंगडी, चेंडू, मणी ओवणं जरूर शिकवा. त्यानं अंग सुधारेल. शब्द हवे असतील तर चेंडू हातात धरून थांबा; पोराला 'दे' किंवा 'टाक' म्हणायची गरज पडू द्या.

उरलेले गैरसमज भराभर. वेखंड लावून वाचा येत नाही. जिभेखालची तार कापली की पोरगं बोलू लागतं, असं क्वचितच. बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी, अंगणवाडीत मराठी, यानं वाचादोष होत नाही. "बापही उशिराच बोलला होता" हे कारण दोन वर्षांच्या पुढे ताणू नका. तोवर 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता यायला हवेत.

आणि सगळ्यांच्या आधी कान तपासा. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासतं आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवतं. पण दसऱ्यानंतर अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेलं असतं, आणि त्या काळातली तपासणी पोराच्या हातून निसटते. टोळी निघायच्या आत तपासणी उरका, कागद बरोबर घ्या; कारखान्याच्या गावीही हाच कार्यक्रम चालतो.