घरी बनवलेली गाडी रस्त्यावर चालवता येते का?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांच्या गाडीचा व्हिडिओ देशभर व्हायरल झाला. मुलाच्या हट्टापायी त्यांनी भंगारातले भाग जोडून, सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप तयार केली होती. ती चक्क बाईकसारखी किक मारून सुरू व्हायची. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण नियमांत बसत नसल्यानं ती आज ना उद्या थांबवली जाईल, असंही सांगितलं. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

पण प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. नागपुरात कुणी अंगणातली जुनी कार एकट्यानं तयार करायला घेत असेल, तर हातात पाना धरण्याआधी कायदा समजून घेतलेला बरा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग घरी काय करता येतं?

गाडी मुळात होती तशी करता येते. ब्रेक, क्लच, वायरिंग दुरुस्त करा, त्याच मापाचे भाग बसवा. इंजिन किंवा रंग बदलायचा असेल, सीएनजी किट लावायचं असेल, तर आधी आरटीओ गाठा. गाडीला १५ वर्षं झाली असतील, तर फिटनेस तपासून आरसीचं नूतनीकरण करावं लागतं.

ट्यूनिंगला इतका वेळ का लागतो?

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण हातानं जुळवावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. प्रमाण चुकलं की स्पार्क प्लग सांगतो. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी आणि फिकट तपकिरी असेल तर बरोबर.

त्यात नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. जानेवारीत जमलेली सेटिंग मेमध्ये बिघडते, ती अशी. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, वहीत लिहायचा आणि इंजिन गरम झाल्यावर तपासायचा. दोन स्क्रू एकदम फिरवले, तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

एकट्यानं काम करताना दोन गोष्टी विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नका, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आणि सुरुवात कुठून करायची? आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का, ते पाहण्यापासून. तो जुळला नाही, तर वर्षभराची मेहनत अंगणातच उभी राहील.