खासगी अग्निबाण, सरकारी थैली

‘खासगी अवकाशयान’ म्हणजे कुणा धनिकाने पदरमोड करून उडवलेले यान, अशी माझी भाबडी समजूत होती. हिशेब वाचला आणि ती फिटली. इलॉन मस्क यांच्या ‘स्पेसएक्स’चा ‘फाल्कन १’ अग्निबाण २००६ पासून तीनदा अपयशी ठरला. गाठीचा पैसा सरत आला. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथा कक्षेत पोचला खरा, पण कंपनी तगली ती त्याच डिसेंबरात ‘नासा’ने दिलेल्या १६० कोटी डॉलरच्या कंत्राटावर. अवकाशस्थानकाकडे मालाच्या बारा खेपा! म्हणजे गिऱ्हाईक सरकारच. मात्र पूर्वी ‘नासा’ कारखानदारांना बहुधा झालेला खर्च व वर नफा देई. येथे भाव आधीच ठरलेला, वाढीव खर्च कंपनीच्या माथी. मग काटकसरीलाच संशोधनाचे मोल आले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘फाल्कन ९’चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला, तो पुन्हा वापरता यावा याच खटपटीतून.