वाळूज: कारखान्यांच्या मागचं गाव

कारखान्यांवर पुष्कळ छापून झालंय, आता गावाकडे बघ, असं संपादकांनी बजावलं म्हणून वाळूजला गेलो. पुण्या-मुंबईकडे वाळूज म्हटलं की एमआयडीसीच आठवते. दफ्तरात मात्र ते गंगापूर तालुक्यातलं, खाम नदीच्या अंगाचं गाव आहे आणि कारभार अजून सरपंचाकडे आहे.

जुना इतिहास चार ओळींचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. पोट शेतीवर. मग १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना आला. उद्घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग होते. त्याच साली एन्ड्युरन्स कंपनीनेही इथेच बस्तान मांडलं. पाठोपाठ सुट्या भागांचे कारखाने आले, बिअरचेही आले. कामाला आलेल्या पोरांसाठी रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या गावांतल्या शेतांत प्लॉट पडले, भाड्याच्या खोल्या उठल्या.

मला गुंतवलं ते पाणी सोडणाऱ्या माणसाने. त्याला सगळे वॉलमन म्हणतात. खांद्यावर कमरेइतकी लोखंडी चावी, वर आडवा दांडा. चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी आत बसवायची आणि अंगाचा भार टाकून पिळायची. आटे तो मनात मोजतो. चढावरच्या गल्लीला दाब मिळावा म्हणून खालचा वॉल्व्ह दोन आटे दाबून ठेवतो. विसरला तर खालच्या घरांत गच्चीवरच्या टाक्या ओसंडतात आणि वरच्या नळांतून नुसती हवा येते. कुठल्या गल्लीत नवी खोली चढली, कुठे चोरून मोटार लावली, हे त्याला दाबावरून कळतं. कागदावर नकाशा असला तरी खरा नकाशा त्याच्या मनगटात आहे.

उद्योगांचं पाणी जायकवाडीतून येतं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपातीचा आदेश दिला, तेव्हा पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद राज्यभर गाजला. या पट्ट्यातल्या वस्त्यांत तो दर उन्हाळ्यात नव्याने सुरू होतो.

अडचण कायद्यातच आहे. ग्रामपंचायतीत सदस्य कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. गाव कितीही फुगलं तरी हा आकडा वाढत नाही. कचरा, गटार, दिवाबत्ती, पाणी हे सगळं शहराच्या मापाचं झालं, पण माणसं आणि तिजोरी गावाच्या मापाची राहिली. त्यात वर्षानुवर्षं भाड्याने राहणाऱ्या कामगाराचं नाव बहुधा त्याच्या मूळ गावच्या मतदारयादीत असतं. सांडपाणी त्याच्या दारात तुंबतं आणि मत पडतं बीड-परभणीत.

नगरपरिषद व्हावी की नाही यावर दोन मतं आहेत. कर वाढेल, ही भीती खोटी नाही. माझं मत विचाराल तर व्हावी. एवढ्या वस्तीचा भार एका सरपंचावर टाकणं अन्यायाचं आहे. तोवर हाताशी ग्रामसभा आहे. वर्षातून निदान चार वेळा ती घ्यावीच लागते आणि गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली लहान संख्या पुरते. हजारोंच्या वस्तीचा निर्णय शंभर जण करू शकतात. म्हणून इथे स्थायिक झालेल्यांनी आधी मतदारयादीत नाव घालून घ्यावं आणि पुढच्या ग्रामसभेला जावं.