मक्ता निजामाचा, शेअर लंडनचे

हिंगोलीत विहीर खणताना मुरुम संपला की काळा पाषाण लागतो. त्यात सोनं नाही, कोळसा नाही. तरीही १८८६ साली इथल्या भूगर्भावर लंडनमध्ये शेअर निघाले होते. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि संस्थानभरची खनिजं शोधण्याचा मक्ता हैदराबाद डेक्कन कंपनीला मिळाला होता. करार ९९ वर्षांचा. मराठवाडा त्यात ओघानेच आला.

कंपनीचं भांडवल दहा लाख पौंड आणि शेअर एक लाख. त्यातले ८५ हजार कंपनी काढणाऱ्या मक्तेदारांनी मक्त्याच्या मोबदल्यात, पैसे भरल्याचं धरून, आपल्याच पदरात टाकले. कुदळ अजून मातीला लागायची होती! पुढचा प्रकार त्याहून धीट. दरबाराच्या वतीने व्यवहार जुळवणाऱ्या सरदार अब्दुल हकने आपल्याच वाट्याचे शेअर चढ्या भावाने निजामाच्या तिजोरीच्या गळ्यात मारले. म्हणजे स्वतःच्या जमिनीखालचा माल निजामाने पैसे मोजून परत घेतला. १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली आणि हकची गच्छंती झाली.

कंपनी मात्र टिकली, ती संस्थानातल्याच येल्लंदू गावच्या कोळशावर. तो तिने शोधलेलाच नव्हता. सरकारी भूवैज्ञानिक डॉ. किंग यांना तो १८७१ मध्येच सापडला होता. १९२० साली सिंगरेणी कोलिअरीज स्थापन झाली, तिने जुन्या कंपनीचा कारभार घेतला आणि १९४५ मध्ये बहुसंख्य शेअर हैदराबाद सरकारकडे आले. ज्यांनी सुरुवातीलाच शेअर विकले त्यांना या जवळपास ६० वर्षांशी काही देणंघेणं नव्हतं.

आज हिंगोलीतला हळदीचा व्यापारीसुद्धा डिमॅट खात्यातून डेक्कन गोल्ड माइन्सचे शेअर घेऊ शकतो. पण फासे उलटे पडले आहेत. या कंपनीने कर्नाटकात हावेरीजवळ गणजूरला खरोखर भोकं पाडून सोनं शोधलं, खाणपट्टा मात्र रखडला. २०१५ पासून पट्टे लिलावाने जाऊ लागले आणि २०२१ मध्ये खाण कायद्यातल्या दुरुस्तीने शोधकांचे जुने प्रलंबित हक्कही संपवले. २०२३ मध्ये सोन्यासह २९ खनिजांसाठी शोधपरवाना आला, पण तोही लिलावानेच मिळतो. शोध लागला तर खाणीचा वेगळा लिलाव होतो आणि शोधणाऱ्याला त्या लिलावाच्या रकमेतला हिस्सा मिळतो. शेअर घेण्याआधी विचारायचं ते हेच: हा हिस्सा हाती येईपर्यंत कंपनी खर्च कुठून भागवणार?