क्लचभोवतीचं पोलादी कवच

दिवाळी सरली की घनसावंगी तालुक्यात ऊसतोड सुरू होते. भरलेला ट्रक भुसभुशीत रानातून डांबरी रस्त्यावर काढायचा, तर हाफ क्लच मारावाच लागतो आणि क्लच प्लेट जळते. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, फ्लायव्हील-क्लचला झाकणारं ओतीव कवच नजरेस पडतं. हेच बेल हाऊसिंग.

त्याची कामं दोन. गिअरबॉक्स इंजिनाच्या नेमक्या सरळ रेषेत धरायचा, हे पहिलं. दुसरं सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: आतलं काही फुटलंच, तर तुकडे अडवायचे.

४० सेंटीमीटर व्यासाचं फ्लायव्हील मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे १८८ किलोमीटरच्या वेगाने पळते. शर्यतीच्या गाडीत ३० सेंटीमीटरचं फ्लायव्हील ८,००० फेऱ्यांना ताशी ४५० ओलांडतं. फेरे दुप्पट झाले की धातूला बाहेर खेचणारा जोर चौपट होतो. अशा वेळी साधं ओतीव कवच तुकडे अडवत नाही. ते स्वतःच फुटून तुकड्यांत भर घालतं.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिप या शर्यतीच्या धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या शर्यतपटूच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पायाचा काही भाग तुटला. पुढच्याच वर्षी त्याने इंजिन पाठीमागे ठेवलेली गाडी मैदानात आणून जिंकून दाखवली. पण ज्या गाड्यांत क्लच चालकाच्या पायांजवळच राहिला, त्यांना भक्कम कवच हवंच होतं. अशा पोलादी बेल हाऊसिंगसाठी शर्यतीच्या सुरक्षा साधनांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेचं ६.१ हे मानक आहे.

मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पिकअप ट्रकला शर्यतीसाठी असं कवच बसवताना नुसते बोल्ट आवळून भागत नाही. क्रँकशाफ्टच्या टोकाला डायल गेज बांधून त्याची सुई हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेने फिरवतात. पूर्ण फेऱ्यातला फरक साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. केंद्र जेवढं सरकलेलं असतं, त्याच्या दुप्पट फरक गेज दाखवतं. म्हणून गेजवरच्या फरकाच्या निम्म्या मापाच्या ऑफसेट डोवेल पिना (हाऊसिंगची जागा पक्की करणाऱ्या खिळ्या) घालून केंद्र जुळवतात. हे टाळलं, तर पायलट बेअरिंग खराब होतं, गिअर अडखळत पडतात, कधी चालत्या गाडीत निसटतात. शिवाय प्रमाणित कवच कापलं किंवा वेल्ड केलं, तर त्याच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

उसाच्या ट्रकला हे महागडं कवच लागत नाही. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर हाऊसिंगला तडा आहे का, डोवेल पिना झिजल्यात का, फ्लायव्हीलवर उष्णतेच्या भेगा आहेत का, हे तपासावं. जोडाचे पृष्ठभाग पुसून स्वच्छ करावेत.

एक धोका मात्र साध्या ट्रकलाही आहे. खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी उतारावर सोडली, तर इंजिन सावकाश फिरतं, पण चाकं गिअरबॉक्समार्गे क्लच प्लेटला भन्नाट पळवतात. अशा वेळी प्लेटचं लायनिंग सुटून उडू शकतं. हाऊसिंगमध्ये लायनिंगचे तुकडे विखुरलेले दिसले, तर मिस्त्रीने नवी प्लेट टाकण्याआधी ड्रायव्हरला उतारावर गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, ते विचारायला हवं.