विंचूदंश : दुखणे थांबले म्हणजे विष उतरले काय ?

आपल्या शिंदखेडा तालुक्यात धाब्याची घरे, शेताचे बांध आणि घरामागे रचलेल्या पऱ्हाट्या यांतून विंचू निघणे नवे नाही. लेकराला चावला की आधी उतरवणाऱ्याकडे नेतात. तो कडुनिंबाचा डहाळा फिरवतो, कळ थांबते, मंडळी समाधानाने घरी येतात. आम्हीही लहानपणी असा विंचू उतरवून घेतला आहे, म्हणून कोणास हसत नाही. परंतु घोटाळा नेमका येथेच होतो.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर. घातक मात्र लहानखुरा लाल. त्याचे विष मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पुढचा वॉल्व्ह बंद आणि मोटार चालू, अशी हृदयाची गत होते. ते थकले की फुप्फुसांत पाणी साचते व मूल धापा टाकू लागते. विष तेवढेच, पण अंग लहान; म्हणून मुलांना धोका अधिक.

अशा मुलाला कळ फारशी नसतेही. उलट जे नुसते कळीने ओरडते, त्याचा धोका बहुधा कमी असतो. पाहायचे ते हे : ओकारी, दरदरून घाम, लाळ, थंडगार हातपाय. मुलग्याचे लिंग ताठ राहिले तर डॉक्टरांना सांगायला लाजू नये, ती मोठी खूण आहे.

या खुणा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, बिरवाडी-महाड भागात, रुग्णांच्या उशाशी बसून टिपल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली. आवळलेल्या वाहिन्या ती सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तिसाच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक-दोनांवर आले. गोळीबरोबर प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे नको. मूल शांत झाले तरी रात्रीच दवाखाना गाठावा. प्राझोसिन दिल्यावर मात्र कौतुकाने त्याला उचलून उभे धरू नये. रक्तदाब एकदम उतरतो. आडवेच ठेवावे.