किल्ल्यामागच्या पाण्यात काय आहे?



दिवाळी झाली की आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी सुरू होते. मुंबई, पुणे, कोल्हापूरहून गाड्या भरून माणसं येतात, होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे जातात आणि पाठीला टाकी बांधून पाण्यात उतरतात. वर आल्यावर 'काय सुंदर आहे हो तुमचा समुद्र!' असं आपल्यालाच सांगतात. गुरुजींनी एकदा वर्गात विचारलं, 'तुमच्यापैकी किती जणांनी हा तळ पाहिलाय?' एकही हात वर आला नाही. आपण इथेच जन्मलो, पोहायला चालण्याबरोबरच शिकलो, पण आपला समुद्र आपण वरूनच पाहतो. यंदा सुट्टीत मला खाली जायला मिळालं. तिथे काय आहे, ते या लेखात सांगते.

माझे मामा पाहुण्यांना पाण्याखाली नेण्याचं काम करतात. या प्रकाराला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. त्याचं श्वासाचं यंत्र झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली फ्रान्समध्ये तयार केलं. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. पण तसं नाही. त्यात आपण श्वास घेतो तीच साधी हवा असते, फक्त जवळजवळ दोनशे पट दाबून भरलेली. तोंडात धरायच्या नळीला एक झडप असते. आपण श्वास ओढला की ती लागेल तेवढीच हवा सोडते. कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात, नाहीतर अंग वर तरंगतं. पाग बुडावा म्हणून आपण त्याला शिशाच्या गोळ्या लावतो ना, तसंच हे.

पहिल्या दिवशी मामांनी मला नेलंच नाही. मला सर्दी झाली होती. मी रडले, पण त्यांनी ऐकलं नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं.

गुरुजींनी एकदा बादलीत ग्लास उलटा दाबून दाखवला होता, आठवतं? आत हवा असल्यामुळे पाणी ग्लासात शिरत नव्हतं. तोच ग्लास १० मीटर खोल नेला तर अर्धा पाण्याने भरतो. कारण तिथे हवेवरचा दाब दुप्पट होतो आणि हवा निम्म्या जागेत मावते. आपल्या कानाच्या पडद्यामागेही हवा असते. खाली जाताना तीही दबते आणि कान ठणकू लागतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे हवा कानात पोचते आणि दुखणं थांबतं. सर्दी असेल तर ही वाटच बंद असते. जोर केला तर पडदा फाटू शकतो. म्हणून सर्दीत पाण्याखाली जायचं नाही.

वर येताना याच्या उलट होतं. दाब कमी होतो आणि हवा फुगते. श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते. म्हणून पहिला नियम हा की श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचं. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकाव्या लागतात. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला तर 'सगळं ठीक'. अंगठा वर केला तर 'वर चला'. मी गंमत म्हणून 'छान आहे' असा अंगठा दाखवला, आणि मामा मला थेट वर घेऊन आले!

चार दिवसांनी सर्दी गेली तेव्हा आम्ही किल्ल्याच्या मागे गेलो. पाणी चारेक वाव होतं, म्हणजे सात मीटरच्या आसपास. उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती रंगांची. माझा लाल रिबन खाली मळकट, तपकिरी दिसू लागला. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेतं. मामांनी बॅटरी लावली तेव्हा तो परत लाल झाला. चष्म्यामुळे सगळं खरं असतं त्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं. बांगड्याएवढा वाटलेला मासा प्रत्यक्षात लहान होता. वरून होडीच्या इंजिनचा आवाज ऐकू येत होता, पण कोणत्या दिशेने ते कळत नव्हतं. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो.

आणि मासे तर काय सांगू! पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा माझ्याभोवती फिरत होता. फुलपाखरू मासे जोडीजोडीने हिंडत होते. पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा खडकावरचं शेवाळ कुरतडत होता. तो मेलेलं प्रवाळही चावतो आणि त्याची बारीक वाळू करून बाहेर टाकतो. कपारीत एक गोब्रा दबा धरून होता. बाजारात पाहिलेला गोब्रा आणि आपल्याच घरात बसलेला गोब्रा यांत फार फरक आहे, बरं का. वांबेसारखा लांबट मोरे मासा बिळातून डोकं काढून तोंडाची उघडझाप करत होता. मला वाटलं चावायला येतोय. पण तो श्वास घेत होता. तोंडाने पाणी आत घेऊन कल्ल्यांवरून नेण्याची त्याची ती रीतच आहे. एके ठिकाणी समुद्रफूल डुलत होतं. ते नावाचंच फूल, प्रत्यक्षात तो प्राणी आहे.

पाहता पाहता मी दमले आणि एका मोठ्या गोल खडकावर पाय टेकला. मामांनी चटकन मला उचललं. वर होडीत आल्यावर म्हणाले, "तो दगड नाय गो, जिवंत आसा तो!"

मित्रांनो, हीच या लेखातली मुख्य गोष्ट आहे. ज्याला आपण खडप म्हणतो त्यातलं पुष्कळसं प्रवाळ असतं. प्रवाळ म्हणजे हजारो लहान लहान प्राण्यांची वसाहत. एकेक प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा असतो. त्याला पॉलिप म्हणतात. तो जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या नात्यातला. समुद्राच्या पाण्यातून घटक घेऊन तो आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतो. असंख्य घरं एकमेकांना चिकटली की प्रवाळाचा गोटा होतो. रात्री पॉलिप आपले दोरे बाहेर काढून बारीक जीव पकडतात. पण त्यांचं बरंचसं अन्न त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून येतं. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून पॉलिपला देतं, आणि पॉलिप त्याला राहायला जागा देतो. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या शैवालाचाच. (अंगठीत बसवतात ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं. ते भूमध्य समुद्रात किंवा जपानकडे खोल पाण्यात मिळतं.)

गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे एक वीत उंच गोटा तयार व्हायला वीसेक वर्षं लागतात. मी ज्यावर पाय टेकला तो गोटा माझ्यापेक्षा वयाने मोठा होता!

समुद्राच्या एकूण तळापैकी शंभरात एक भागही प्रवाळाने व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या जीवांच्या जवळजवळ चौथा हिस्सा जाती त्याच्या आश्रयाने राहतात. माशांची पिल्लं तिथे लपतात, वाढतात. आपल्या ताटात येणारी तांबोशी आणि गोब्रा हे खडपातच राहणारे मासे.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. पसरट प्रवाळाचा एक मोठा तुकडा उलटा पडला होता आणि त्याच्या शेजारी लांब पांढरा ओरखडा होता. मी खुणेने विचारलं, हे काय? मामांनी वर येऊन एकच शब्द सांगितला, "नांगर."

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, आपल्या होडीचा नांगर तुम्ही कुठे टाकता?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खडपात. वाळयेत तो धरणा नाय." खरंच आहे. खडपात नांगर पक्का अडकतो, वाळूत सरकतो. होडीत पाहुणे असताना ती वाहून गेलेली कोणाला चालेल? आमचं घर त्या होडीवरच चालतं. पण जे पाहायला पाहुणे येतात तेच नांगराने मोडलं, तर होडीत बसायला कोण येणार? त्या रात्री आमच्या घरी यावर पुष्कळ बोलणं झालं. आजोबांनी सांगितलं की पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट दोर सोडला तर वाळूतही नांगर धरतो. आता बाबा तसं करतात. दोर जास्त लागतो, त्याचा खर्च होतो. होडी फिरते, शेजारच्या होडीकडे लक्ष ठेवावं लागतं. बाबा म्हणतात, "मी एकट्यान करून काय व्हतला?" म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

नांगराशिवाय प्रवाळाला दुसरं मोठं संकट उन्हाळ्याचं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की पॉलिप आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाहीतर ते उपासमारीने मरतं. १९९८ साली जगभर असं झालं, पुढेही अनेकदा झालं, आणि २०२३पासून पुन्हा मोठ्या प्रमाणावर झालं. समुद्र थंड करणं आपल्या हातात नाही. पण नांगर आपल्या हातात आहे.

आता आपल्या भागातल्या इतर जागांची थोडी माहिती. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला बांधायला १६६४ साली सुरुवात केली. १९८७ साली शासनाने या किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केला. आपल्यातल्या पुष्कळ लोकांना तेव्हा मासेमारी बंद होईल अशी भीती वाटली, आणि आजही तो विषय निघाला की आवाज चढतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण मासा जिथे वाढतो ती जागा राखली तर मासा टिकेल, हेही खोटं नाही.

तारकर्लीला स्कूबा शिकवणारी शासनाची संस्था आहे. दक्षिणेला निवतीसमोर समुद्रात दीपगृह असलेले खडक आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्या वाटेवर गादे, म्हणजे डॉल्फिन, दिसतात. आणि विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली एक मोठं पठार आहे. लांबी ४० किलोमीटर आणि रुंदी १५ किलोमीटर. त्याच्या माथ्यावर सुमारे २० मीटर पाणी आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. किनाऱ्यापासून दूर असल्यामुळे तिथलं पाणी स्वच्छ आणि प्रवाळ भरपूर आहे.

शेवटी काही गोष्टी लक्षात ठेवूया :

१. प्रवाळावर उभं राहू नये, त्याला हात लावू नये. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना २००१पासून वाघाप्रमाणे कायद्याचं संरक्षण आहे. ते काढणं किंवा विकणं गुन्हा आहे.

२. माशांना पाव टाकू नये. पाव हे त्यांचं अन्न नव्हे. आयतं मिळालं की पट्टेवाले मासे तिथेच गर्दी करतात आणि इतरांना हुसकतात.

३. फाटलेलं जाळं आणि प्लास्टिक समुद्रात टाकू नये. टाकलेलं जाळं मालक नसतानाही मासे आणि कासवं मारत राहतं.

४. जाळ्यात कासव किंवा बहिरी सापडली तर जाळं कापून सोडावी. कापलेल्या जाळ्याची भरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत रक्कम देण्याची योजना शासनाने २०१८ साली सुरू केली आहे.

५. पालकांना हात जोडून विनंती : नांगर वाळूत टाकावा, दोर लांब सोडावा, आणि उचलताना ओढत न नेता सरळ वर घ्यावा.

मी पुन्हा त्याच जागी जाणार आहे. तो उलटा पडलेला तुकडा मामांनी खाली जाऊन सरळ करून ठेवला आहे. तो जगेल की नाही हे मामांनाही सांगता येत नाही. पण त्याच्या शेजारी नवा ओरखडा दिसू नये एवढं आपण सगळे मिळून नक्की करू शकतो. बाबा एकटे नाहीत, असं मला त्यांना सांगायचं आहे. तुम्ही मला तसं सांगू द्याल ना?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी